साठ हजारांत हॉलमधलं थिएटर: स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर कसे निवडावेत

दुकानात जाण्याआधी घरात टेप घेऊन तीन मापं घ्या. टीव्हीच्या भिंतीपासून सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंतचं अंतर, टीव्हीच्या डाव्या-उजव्या बाजूला मोकळी असलेली जागा, आणि बसल्यावर कान जमिनीपासून किती उंचीवर येतो ते. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये पहिलं माप बहुधा आठ-नऊ फूट भरतं, तिसरं तीन फुटांच्या जरा वर. किती वॉट लागतील, स्पीकर केवढे हवेत, पाच हवेत की तीन पुरतील, हे सगळं या मापांवरून ठरतं. दुकानदार मात्र सुरुवात वॉटपासून करतो आणि तिथेच बजेट हुकतं.

साठ हजारांत पाच स्पीकर, सबवूफर (फक्त खोल, जाड आवाज काढणारी पेटी) आणि रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा, टीव्हीला जोडायचा अ‍ॅम्प्लिफायर) असं सगळं बसवायला गेलात, तर सगळंच हलकं येतं. त्यापेक्षा ३.१ घ्या: पुढचे दोन स्पीकर, मधला सेंटर, एक सबवूफर. रिसीव्हर मात्र ५.१ चा घ्या, म्हणजे मागचे दोन स्पीकर पुढच्या दिवाळीला जोडता येतील. चित्रपटातले संवाद सेंटरमधून येतात, संगीत पुढच्या जोडीतून आणि दणका सबवूफरमधून. मागच्या स्पीकरना त्या मानाने काम कमी, म्हणून थांबायचंच असेल तर त्यांच्यासाठी थांबावं.

वाटणी ढोबळमानाने अशी करा: रिसीव्हरला पंचवीस हजारांच्या आसपास, पुढच्या जोडीला चौदा-पंधरा, सबवूफरला बारा-तेरा, उरलेल्यात सेंटर. भाव सणासुदीला खालीवर होतात, पण निम्म्याहून जास्त पैसे स्पीकर आणि सबवूफरमध्ये जाऊ द्या. रिसीव्हर आठ-दहा वर्षांत जुना होतो, चांगले स्पीकर वीस वर्षं वाजतात. सेंटर बजेटात बसत नसेल तर कुठला तरी उचलून आणू नका. रिसीव्हरच्या मेनूत ‘सेंटर नाही’ असं सांगा, तो संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये सारखे वाटून देतो. मध्यावर बसलेल्या दोघांना आवाज पडद्यातूनच आल्यासारखा वाटतो. कडेला बसणाऱ्याला तो जवळच्या स्पीकरकडे ओढला जातो, एवढाच तोटा.

एकाच खोक्यात मिळणारे ‘होम थिएटर’ संच शक्यतो टाळा. त्यातल्या बऱ्याच संचांचे स्पीकर तीन-चार ओहमचे (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) आणि त्यांच्या पिनाही वेगळ्याच असतात. अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की दुसरा जोडता येत नाही आणि पाचही स्पीकर माळ्यावर जातात.

वॉटचा आकडा कसा वाचायचा

पीएमपीओचा, म्हणजे क्षणिक कमाल वॉटचा, आकडा सोडूनच द्या, त्याला काही अर्थ नाही. आरएमएसचा, म्हणजे सलग देता येणाऱ्या वॉटचा, आकडाही बारीक अक्षरांतल्या अटींसकट वाचायचा. एकच रिसीव्हर माहितीपत्रकाच्या एका ओळीत शंभराच्या वर वॉटचा असतो आणि दुसऱ्या ओळीत सत्तरचा. पहिला आकडा एकच चॅनेल वाजवून, एकाच १ किलोहर्ट्झच्या सुरावर, १० टक्के विकृती (आवाजाची मोडतोड) चालवून घेऊन काढलेला असतो. दुसरा दोन चॅनेल एकत्र वाजवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ एवढ्या पूर्ण पट्ट्यात, ०.१ टक्क्याहून कमी विकृतीवर. दोन रिसीव्हरची तुलना करायची ती याच दुसऱ्या आकड्यांची.

आता आपल्याला लागतात किती? स्पीकरच्या मागे किंवा माहितीपत्रकात संवेदनशीलता लिहिलेली असते, समजा ८६ डेसिबल. म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. नऊ फूट म्हणजे साधारण २.७ मीटर, तेवढ्या अंतरावर साडेआठ डेसिबल कमी होतात. भिंतींवरून परतणारा आवाज आणि जोडीचा दुसरा स्पीकर मिळून निदान तीन परत देतात. राहिले ८० च्या आसपास, आणि हे एका वॉटमध्ये. घरात चित्रपट सरासरी ७५ डेसिबलला बघितला तरी भरपूर मोठा वाटतो, आणि स्फोटाच्या क्षणी तो वीस डेसिबलने उसळी घेऊन ९५ ला जातो. ८० वरून ९५ ला जायला पंधरा डेसिबल हवेत. दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट करायचे: २, ४, ८, १६, ३२. बत्तीस वॉट झाले. स्पीकर ८९ डेसिबलचा असेल तर सोळातच भागतं.

म्हणून सत्तर वॉटचा रिसीव्हर सोडून शंभरच्यासाठी दहा हजार जास्त मोजू नका. त्या वाढीव तीस वॉटनी दीड डेसिबल मिळतो, तो कानाला जेमतेम कळतो. तेच पैसे जास्त संवेदनशील किंवा नुसत्याच बऱ्या स्पीकरमध्ये घातले तर फरक पहिल्याच गाण्यात ऐकू येतो.

ओहमचं थोडक्यात: स्वस्त रिसीव्हरवर बहुधा ‘६ ते १६ ओहम’ लिहिलेलं असतं. त्याला ८ किंवा ६ ओहमचे स्पीकर जोडा. ४ ओहमचे जोडले तर ते ८ ओहमच्या मानाने दुप्पट करंट ओढायला बघतात, रिसीव्हर तापतो आणि ऐन मारामारीत बंद पडतो.

स्पीकर निवडताना

सबवूफर घेणारच असाल तर टॉवर (जमिनीवर उभे राहणाऱ्या उंच) स्पीकरची गरज नाही. तेवढ्याच पैशांत टॉवरमध्ये लाकूड जास्त येतं, बुकशेल्फमध्ये, म्हणजे छोट्या स्पीकरमध्ये, ड्रायव्हर (आवाज काढणारे पडदे) आणि क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज त्यांच्यात वाटणारं सर्किट) बरे येतात. पाच ते साडेसहा इंचाचा वूफर (जाड आवाजाचा मोठा पडदा) पुरे. स्पीकर भिंतीला चिकटूनच ठेवावे लागणार असतील तर ज्याचं हवेचं भोक (पोर्ट) पुढच्या बाजूला आहे किंवा मुळीच नाही असा घ्या. मागे भोक असलेला भिंतीला टेकवला की आवाज घुमतो.

वूफरच्या कडेचं वेटोळं रबराचं आहे ना ते बघा. फोमचं वेटोळं दमट हवेत काही वर्षांनी बोटाने दाबल्यावर भुगा होऊन पडतं, आणि मुंबई-कोकणात ते आणखी लवकर. जुना माल घेताना तर हे सगळ्यात आधी तपासायचं.

ऐकायला जाताना आपली ओळखीची तीन-चार गाणी पेन ड्राइव्हवर न्या, दुकानातली झगमगती डेमो क्लिप नको. पुरुषाचा नुसता बोलण्याचा आवाज ऐका. तो मडक्यातून आल्यासारखा वाटला तर त्या स्पीकरवर संवाद कायम तसेच येणार. मग तबला लावा. चाटीवरचा ‘ना’ टणक आणि वेगळा ऐकू यायला हवा, डग्ग्याची मींड वर चढताना सलग कळायला हवी. डग्गा म्हणजे नुसतीच धपधप येत असेल तर पुढचा स्पीकर बघा. आणि दोन जोड्यांची तुलना करताना आवाज सारखा करून घ्या. जो जरासा मोठा वाजतो तो कानाला हमखास चांगला वाटतो, विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं.

सेंटर पुढच्या जोडीच्याच मालिकेतला घ्यायचा. वेगळा घेतला तर पडद्यावरून चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मधेच बदलतो.

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला वायर, पिना, स्टँड स्वस्तात मिळतात. रिसीव्हर मात्र बिल आणि भारतातली वॉरंटी बघूनच घ्या. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकरवी मागवण्याचा मोह होतो, पण तिथला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की गेलाच. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, तोही निदान ५०० वॉटचा, आणि वॉरंटी इथे चालत नाही ती नाहीच.

रिसीव्हरवर तीन गोष्टी असायलाच हव्यात: टीव्हीला जोडायला एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरने रिसीव्हरकडे आणणारी सोय) असलेलं एचडीएमआय, सबवूफरसाठी वेगळं आउटपुट, आणि खोलीतला आवाज मोजून स्पीकर जुळवायचा माइक. ऑप्टिकल वायरवर विसंबू नका. तिच्यातून साधा स्टिरिओ आणि डॉल्बी डिजिटल ५.१ जातो, पण ओटीटीवर असतो तो डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. एआरसीमधून जातो. छतावरून आवाज उसळवणारे अ‍ॅटमॉसचे स्पीकर या बजेटात सोडा. त्यांना सपाट छत लागतं, आपल्याकडे पीओपीचे खाचेखोबरे असतात.

वायर

महागडी वायर लागत नाही, तांब्याची लागते. दीड स्क्वेअर मिलिमीटरची दहा मीटर वायर टाकली तर जाऊन-येऊन रोध ०.२३ ओहम होतो, आठ ओहमच्या स्पीकरला तो तीन टक्क्यांच्या आत. पुष्कळशी स्वस्त ‘स्पीकर वायर’ अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ब्लेडने एक तार खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. अ‍ॅल्युमिनियमचीच वापरायची असेल तर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची घ्या.

घराचं काम चालू असेल तर मागच्या स्पीकरसाठी भिंतीत एक इंची पाइप आताच टाकून ठेवा, विजेच्या पाइपपासून फूटभर लांब. स्पीकर दोन वर्षांनी आले तरी भिंत फोडावी लागत नाही.

जोडताना लाल ते लाल, काळं ते काळं. एकच स्पीकर उलटा जोडला तर बिघडत काही नाही, पण बास गायब होतो आणि गायकाचा आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. शंका असेल तर रिसीव्हरकडची टोकं सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा: सेलचा प्लस लाल तारेला लागल्यावर वूफर बाहेर यायला हवा. तारेचा एखादा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना, हे टॉर्च मारून बघा. रिसीव्हर चालू केल्या केल्या बंद होत असेल तर दोष बहुतेक वेळा त्या केसाएवढ्या धाग्याचा असतो.

मांडणी

पुढचे दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून जवळपास समभुज त्रिकोण झाला पाहिजे. नऊ फुटांवर बसत असाल तर स्पीकरमध्ये सात ते नऊ फूट. ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा पडदा) कानाच्या उंचीवर. सेंटर टीव्हीखाली असतो, तो पुढून उचलून कानाकडे झुकवा, दोन रबरी बुटकुल्या पुरतात.

सबवूफरची जागा शोधायची जुनी युक्ती अजून चालते. तो तात्पुरता सोफ्यावर तुमच्या जागी ठेवा, सलग बास असलेलं गाणं लावा, आणि कान गुडघ्याच्या उंचीवर आणून भिंतीकडेने फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो ती सबवूफरची जागा. जिथे एकच सूर बोंबलतो ती नाही. पंधरा फूट लांबीच्या खोलीत ३७-३८ हर्ट्झ आणि दहा फूट रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपास लाटा भिंतीभिंतींत अडकतात, आणि भिंतीलगत त्या सगळ्यात जोरात असतात. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर फूटभर पुढे घ्या. तेवढंही शक्य नसेल तर सबवूफरचा आवाज कमी ठेवा. खाली दुसरा फ्लॅट असेल तर सबवूफरखाली जाड रबरी किंवा फोमची गादी घाला, फरशीतून जाणारी थरथर कमी होते.

व्हिट्रिफाइड टाइल्स, कोऱ्या भिंती आणि काचेचं कपाट असलेल्या हॉलमध्ये मध्यावर उभं राहून टाळी वाजवा. मागोमाग पत्र्यासारखा ‘चिर्रर्र’ आवाज आला तर संवाद अस्पष्ट ऐकू येणारच, स्पीकर कितीही भारी असो. सोफ्यापुढे जाड सतरंजी, बाल्कनीच्या दाराला चुण्यांचा जाड पडदा, सोफ्यामागच्या भिंतीवर पुस्तकांचं उघडं कपाट. एवढ्याने होणारा फरक दहा हजारांच्या स्पीकरबदलानेही होत नाही.

रिसीव्हरला शिकवणं

माइक सोफ्यावर कानाच्या उंचीवर, ट्रायपॉडवर ठेवा, हातात धरू नका. पंखा, एसी, फ्रिज बंद. सबवूफरची फ्रिक्वेन्सीची चकती शेवटपर्यंत वर, आवाज निम्म्यावर. मोजणी संपल्यावर मेनूत जाऊन बघा: रिसीव्हरने बुकशेल्फना ‘लार्ज’ ठरवलं असेल तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. ८० च्या खालचा आवाज सबवूफरकडे गेला की स्पीकर मोकळे होतात आणि रिसीव्हरवरचा सगळ्यात जड भार उतरतो. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा तीन-चार फूट जास्त दाखवलं तर दुरुस्त करू नका. त्याच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

टीव्हीत स्पीकर ‘एआरसी’, सीईसी (एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना चालवण्याची सोय) चालू, आणि डिजिटल आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ करा. तिथे ‘पीसीएम’ राहिलं तर बऱ्याच टीव्हींवर ५.१ चा चित्रपट नुसत्या स्टिरिओत येतो आणि सेंटर का बोलत नाही म्हणून माणूस वायरी तपासत बसतो.

संवाद बारीक आणि मारामारी मोठी वाटत असेल तर सेंटर दोन-तीन डेसिबल वाढवा, आणि रात्री ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ लावा. सतत ‘हम्म्’ येत असेल तर केबल टीव्हीची किंवा डिशची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. थांबलं, तर दोष तिच्या अर्थिंगचा आहे. रिसीव्हरची तिसरी पिन कापून तो काढू नका, जिवावर बेतू शकतं. कमी आवाजात सबवूफर मधेच झोपत असेल तर मागचं बटण ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर न्या. आणि रिसीव्हर शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका. वर निदान चार इंच मोकळी जागा आणि मागची फळी उघडी हवी.

सबवूफर फरशीवर असतो आणि फरशी रोज पुसली जाते. त्याची पेटी एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, असते. खालच्या कडेला पाणी लागत राहिलं की एखाद्या पावसाळ्यात ती पावासारखी फुगते, जोड उकलतो आणि खरखर सुरू होते. इंचभर उंचीचे रबरी पाय लावा, आणि पोछा मारणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

मागची जोडी आली की ती कानाच्या रेषेत किंवा किंचित मागे, कानापेक्षा एक-दोन फूट वर लावा. एका बाजूला बाल्कनीचं दार असेल तर दोन्ही स्पीकर मागच्या भिंतीच्या कोपऱ्यांत ब्रॅकेटवर, एकमेकांकडे वळवून. मग माइकची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करा, आणि ‘स्मॉल’ परत ‘लार्ज’ झालं नाही ना ते बघा.