श्वासातून नाच: तेशिगावारांच्या पद्धतीने सराव

जपानी नृत्यदिग्दर्शक सबुरो तेशिगावारा यांनी १९८५ मध्ये केई मियाता यांच्यासोबत ‘कारास’ ही नृत्यसंस्था काढली. त्यांच्या कामात स्टेप आधी ठरत नाही. श्वास बदलला की हालचाल बदलते. प्रकाश, नेपथ्य, वेशभूषाही बहुधा तेच करतात.

लातूर-नांदेडकडच्या हॉलमध्ये हा विचार धरून सराव करायचा तर उन्हाळ्यात सकाळी सहालाच सुरुवात करा. शहाबादी फरशीवर सतरंजी सरकते आणि पाय घसरतो. रबरी मॅट टाका, नाहीतर नडग्या धरतात.

आधी उभ्याने दहा मिनिटं नुसता श्वास. तळहात पाठीमागे, शेवटच्या बरगड्यांवर ठेवा. नाकाने चार मोजेपर्यंत घ्या, तोंडाने आठपर्यंत सोडा. खांदे वर चढत असतील तर श्वास छातीतच अडतोय. हाताखालची बरगडी फुगली पाहिजे. घाईने खोल श्वास घेतला की चक्कर येते. आली तर खाली बसा, नेहमीसारखा श्वास घ्या.

मग गुडघे सैल सोडून पाच मिनिटं हलक्या उड्या. टाच दर वेळी टेकवाच.

आता एकच हात, श्वास सुटेल तेवढाच वर. श्वास संपला की हात थांबतो.

गॅदरिंगच्या नाचात मुरलेली पोरं इथेच अडतात, मनात ‘पाच, सहा, सात, आठ’ चालूच असतं. म्हणून पहिला आठवडा गाणं लावूच नका. आरसाही झाका, कारण तो दिसला की पोझ येते आणि श्वास अडतो.