निनावी मजकूर कुणाचा? शैलीवरून तपासायची माझी पद्धत

माझी हयात मुद्रितशोधनात गेली. दिवाळी अंक, स्मरणिका, कथासंग्रह यांची प्रुफं वाचता वाचता एक सवय जडते: नाव झाकलेलं असलं तरी मजकूर कुणाचा ते जाणवायला लागतं. त्यामुळे हल्ली ओळखीची माणसं निनावी मजकूर घेऊन माझ्याकडे येतात. कुणाच्या सोसायटीत बनावट ईमेलवरून सभासदांना बदनामीची पत्रं जातात. कुणाच्या क्लासबद्दल वेगवेगळ्या नावांनी वाईट अभिप्राय पडतात आणि ते सगळे एकाच हातचे वाटतात. हे तपासता येतं, पण रीतसर तपासलं नाही तर एखाद्या निरपराध माणसाची अब्रू जाते. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी प्रश्न नीट मांडा. ‘हे कुणी लिहिलं?’ या प्रश्नाला शैली सहसा उत्तर देत नाही. ‘या चौघांपैकी कुणाच्या लिखाणाशी हे जास्त जुळतं, की चौघांपैकी कुणाशीच जुळत नाही?’ असं विचारा. 2012 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक लाख ब्लॉगलेखकांचं लिखाण संगणकाला देऊन हा प्रयोग केला. पाचात एकदा, किंवा त्याहून थोडं जास्त वेळा, संगणकाने नेमका माणूस काढला. लाखातून एक शोधायचा म्हटल्यावर हे थक्क करणारंच आहे. पण याचाच अर्थ असा, की बाकीच्या वेळी संगणकाने सर्वांत वर सुचवलेलं नाव चुकीचं आलं. अशा उत्तरावर तुम्ही शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहणार का?

मग नमुने गोळा करा. मजकूर मूळ हवा, कुणी पुन्हा टाइप केलेला किंवा ‘जरा नीट करून’ पुढे पाठवलेला नको. हातोहात जाताना भाषा बदलते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या टोपणनावाने एका अभ्यासकाने मांडलं होतं, की ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव वेगवेगळे. दोन्हींची भाषाच वेगळी आहे. त्यावर उत्तर आलं, की अभंग तोंडोतोंडी आले, म्हणताना आणि उतरवताना त्यांची भाषा नवी होत गेली. फॉरवर्ड होत आलेल्या मजकुरालाही हाच आक्षेप लागू पडतो.

तुलना सारख्याशी सारख्याची करा. कार्यकारिणीला लिहिलेल्या अर्जाची तुलना व्हॉट्सॲपवरच्या गप्पांशी केली, तर एकच माणूस दोन वाटेल. शंभर शब्दांच्या मेसेजवरून मी काहीच सांगत नाही. मोजदाद करायची तर प्रत्येकाचे काही हजार शब्द हवेत.

आता मुख्य काम. लोक आधी ठसठशीत शब्दांकडे बघतात. ‘तो नेहमी “गौडबंगाल” म्हणतो, इथेही “गौडबंगाल” आहे!’ असा शब्द कुणीही उचलतो, आणि मुद्दाम दुसऱ्यावर संशय जावा म्हणूनही वापरतो. खरी ओळख लिहिणाऱ्याचं लक्ष नसतं अशा बारीक शब्दांत असते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने 1787-88 मध्ये ‘पब्लियस’ या नावाने 85 निबंध निघाले. त्यांतल्या 12 निबंधांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन या तिथल्या दोन्ही राजकीय नेत्यांचा दावा होता. मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 साली छापलेल्या अभ्यासात सगळा भर अशाच शब्दांवर दिला. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत साधारण तीनदा वापरी, मॅडिसन क्वचितच. हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिही, मॅडिसन ‘व्हाइल्स्ट’. एकेका शब्दाने काही ठरलं नाही, पण अनेक शब्द एकत्र धरल्यावर बाराही निबंध मॅडिसनकडे गेले.

मराठीत मी हे शब्द मोजते: ‘आणि’, ‘व’, ‘नि’, ‘पण’, ‘परंतु’, ‘मात्र’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘सबब’, ‘देखील’, ‘सुद्धा’, ‘तर’, ‘तरी’, ‘की’. हजार शब्दांमागे प्रत्येकाचं प्रमाण काढा आणि शेजारी शेजारी मांडा. ‘च’ आणि ‘ही’ विसरू नका. ‘त्यांनीच सांगितलं’ आणि ‘त्यांनी सांगितलंच’ यांत च कुठे बसतो, ही लिहिणाऱ्याची सवय असते. पण मराठीत हे सगळं शब्दाला चिकटून येतं, त्यामुळे नुसता शब्द शोधून सापडत नाही. संगणकावर काम करणार असाल तर पूर्ण शब्दांबरोबर तीन-तीन, चार-चार अक्षरांचे तुकडेही मोजा. प्रत्यय आपोआप पकडले जातात.

लेखनाच्या खोडी त्यानंतर. इथे माझा जीव रमतो, आणि नवखा माणूस इथेच फसतो. ‘करून’चं ‘करुन’ आणि ‘की’चं ‘कि’ निम्मा महाराष्ट्र लिहितो. दोन्ही मजकुरांत ‘करुन’ आहे म्हणून लेखक एक, असं होत नाही. दुर्मीळ खोडीला वजन द्या. उदाहरणार्थ, ‘समिति’ आणि ‘वस्तु’. 1962 च्या नियमांनंतर मराठीत हे शब्द ‘समिती’, ‘वस्तू’ असे दीर्घान्त झाले. आज कुणी सातत्याने ऱ्हस्व लिहीत असेल तर तो जुन्या वळणाचा तरी असेल, नाहीतर त्याच्या हाताला हिंदीची सवय असेल. याच माणसाच्या लिखाणात ‘कांही’ आणि ‘नाहीं’ असे जुने अनुस्वार दिसले, तर जुन्या वळणाची शक्यता वाढते. त्याऐवजी ‘माझी मदत करा’ दिसलं, तर हिंदीची. असे धागे एकमेकांना बळ देतात का ते बघायचं.

बोलीचंही तसंच. ‘काय करून राहिले’ म्हटलं की विदर्भ आठवतो, ‘मी त्याला बोललो’ किंवा ‘मला पार्सल भेटलं’ म्हटलं की मुंबईकडचा कान. यावरून माणूस कळत नाही, फार तर गट लहान होतो.

आणखी एक जागा डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲप’ मधला ॲ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक अख्खं अक्षर म्हणून, किंवा अ लिहून त्यावर चंद्र देऊन. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा रसुद्धा दोन वेगळ्या संकेतांनी येतो. पडद्यावर बहुधा सारखंच दिसतं, पण ‘शोधा’ची सोय वापरली की एक सापडतं आणि दुसरं निसटतं. यातून कीबोर्ड कळतो, माणूस नाही. तोच कीबोर्ड लाखोंच्या फोनमध्ये असतो, आणि फोन बदलला की खूणही बदलते. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत ‘आहे’ला एक ए की दोन, ‘माझा’ला झेड की जे-एच, हे बघा. तिथे नियमच नसल्यामुळे सवयी ठळक उमटतात.

निनावी मजकूर दीर्घ काळ येत असेल तर तारखेप्रमाणे त्याचे तुकडे पाडा. अमेरिकेत ‘क्यू’ नावाने कटकारस्थानाच्या गोष्टी लिहिणाऱ्याचा 2022 मध्ये स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे अभ्यास केला. दोघांनाही आढळलं, की सुरुवातीचा हात एक आणि नंतरचा दुसरा आहे. सगळं एकत्र मोजलं असतं तर हे बदलाचं वळण झाकलं गेलं असतं. दोन्ही गटांनी त्याच दोन माणसांकडे बोट दाखवलं, आणि त्या दोघांनीही इन्कार केला.

आता सगळ्यांत महत्त्वाची पायरी, जी सहसा कुणी करत नाही. ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा तीन-चार माणसांचं त्याच प्रकारचं लिखाण नमुन्यांत मिसळा. नावं काढून क्रमांक द्या, हे काम दुसऱ्याकडून करून घ्या, आणि मगच मोजा. एखादा उपरा माणूसही तुमच्या संशयिताइतकाच जवळ आला, तर तुमच्या हातात काही नाही. कादंबरीवर नाव असलेला ‘रॉबर्ट गालब्रेथ’ म्हणजे ‘हॅरी पॉटर’च्या लेखिका जे. के. रोलिंग, ही कुणकुण 2013 मध्ये लागली, तेव्हा पॅट्रिक जुओला या संगणकतज्ज्ञांनी रोलिंग यांच्याबरोबर आणखी तीन लेखिकांची पुस्तकं तपासायला घेतली होती. शब्दांची लांबी, नेहमीचे शब्द, शब्दांच्या जोड्या, अक्षरांचे तुकडे अशा वेगवेगळ्या कसोट्या त्यांनी लावल्या. रोलिंग यांचं नाव टिकलं. तरी शिक्कामोर्तब झालं ते लेखिकेने स्वतः मान्य केल्यावर.

अमेरिकेत पोस्टाने बॉम्ब पाठवणाऱ्या ‘युनाबॉम्बर’चा 35,000 शब्दांचा जाहीरनामा सप्टेंबर 1995 मध्ये छापून आला, तेव्हा त्याच्या भावाला आणि भावजयीला त्यातली वाक्यं ओळखीची वाटली. जुन्या पत्रांशी ताडून बघितल्यावर त्या आधारावर झडतीची परवानगी मिळाली. पण पुरावा सापडला तो त्याच्या केबिनमध्ये, बॉम्बच्या सामानाच्या आणि हस्तलिखिताच्या रूपात.

मुद्दाम सोंग घेतलेलं असेल तर ही पद्धत लंगडी पडते. लेखनाचं खास प्रशिक्षण नसलेल्या माणसांनीही आपली शैली लपवली किंवा दुसऱ्याची नक्कल केली, तर अचूकता कोसळते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आता तर मजकूर यंत्राकडून घासून घेता येतो. वाक्यं एकसारखी गुळगुळीत, एकही खोडी नाही, असं दिसलं की मी कागद परत करते.

काही कामं मी घेतच नाही. कुणी वरिष्ठांच्या छळाबद्दल किंवा पैशांच्या अफरातफरीबद्दल नाव न देता लिहिलं असेल आणि ज्याच्याविरुद्ध लिहिलं तोच लेखकाचा माग काढायला आला असेल, तर माझं उत्तर नाही असतं. निनावीपणा हे अशा माणसाचं एकमेव संरक्षण असतं, ते मी काढून घेणार नाही. तुम्हीही घेऊ नका.

निष्कर्ष लिहिताना ‘लेखक अमुक आहे’ असं लिहू नका. ‘दिलेल्या पाच नमुन्यांपैकी क्रमांक तीनशी साम्य सर्वाधिक, क्रमांक एक आणि चार बहुधा नाहीत, नमुना अपुरा असल्याने याहून जास्त सांगता येत नाही,’ एवढंच लिहा, आणि कोणत्या खुणा जुळल्या नाहीत तेही नोंदवा. हा कागद गटावर टाकायचा नाही. धमकी किंवा पैशांची मागणी असेल तर शैलीच्या नादी लागून वेळ घालवू नका. मूळ ईमेल हेडरसकट, म्हणजे तो कुठून कसा आला त्या तांत्रिक नोंदीसकट, ठेवा, मेसेज पुसू नका, आणि सायबर पोलिसांकडे जा. खातं कुठून चाललं याच्या नोंदी ते सेवा देणाऱ्या कंपनीकडून मागवू शकतात, आपल्याला त्या मिळत नाहीत.