युनिसेक्स नाव ठेवताय? या चुका टाळा

मुलगा असो की मुलगी, दोघांनाही शोभेल असं नाव आई-बाबा मोठ्या विचाराने निवडतात. पण नाव खरोखर दोघांचं आहे की नाही, हे ठरतं ते ऐकणाऱ्याच्या कानात. तिथे काय घडतं हे न तपासता नाव पक्कं केलं, की पुढच्या बहुतेक अडचणी सुरू होतात.

अर्थ बघून नाव ‘दोघांचं’ मानणं

‘प्रकाश’, ‘आनंद’, ‘शांती’ हे अर्थ काही मुलाचे किंवा मुलीचे नसतात. तरी प्रकाश म्हटलं की मुलगाच डोळ्यांपुढे येतो आणि शांती म्हटलं की मुलगीच. नावाला लिंग चिकटतं ते आधी ज्यांनी ते वापरलं त्यांच्यामुळे. नावांच्या तयार याद्या अर्थावरून शिक्का मारतात, म्हणून त्यांतली बरीच युनिसेक्स नावं प्रत्यक्षात एकाच बाजूला झुकलेली निघतात.

यादी बाजूला ठेवा आणि त्या नावाची खरी माणसं शोधा. किरण हे नाव पूर्ण खात्रीचं आहे, कारण किरण मोरे आणि किरण बेदी दोघंही चटकन आठवतात. सुहास बहुतेकांना पुरुषाचं नाव वाटतं, पण अभिनेत्री सुहास जोशी आहेत आणि राज्यशास्त्राचे अभ्यासक सुहास पळशीकरही आहेत. दोन्ही बाजूंची अशी चार-पाच माणसं सापडली नाहीत, तर ते नाव तुमच्यापुरतंच युनिसेक्स आहे असं समजा.

“कसं वाटतंय नाव?” असं विचारणं

या प्रश्नाला “छान आहे” हेच उत्तर मिळतं. त्यातून काहीच कळत नाही. “मुलाचं वाटतं की मुलीचं?” असं विचारलं, तर माणूस सावध होतो आणि विचार करून बोलतो. आपल्याला हवी असते ती विचार न करता आलेली प्रतिक्रिया, आणि ती काढून घ्यायला मराठी भाषा फार सोयीची आहे.

समोरच्याला सहज सांगा, “मिलन उद्या पहिल्यांदाच येणार आहे. आल्यावर तू काय विचारशील?” ‘येणार आहे’ तो आणि ती दोघांनाही चालतं, त्यामुळे तुम्ही काहीच सुचवलेलं नसतं. उत्तरात मात्र “तो आला की” किंवा “ती आली की” येतंच. कोणी “त्यांना विचारेन” म्हणून सुटलं, तर अजून एक वाक्य बोलायला लावा. लगेच बोललं की क्षणभर अडखळलं, हेही टिपून ठेवा.

असं किमान दहा जणांना विचारा. त्यांत दोन-तीन साठीच्या पुढचे, दोन-तीन शाळकरी मुलं आणि दोघं-तिघं दुसऱ्या प्रांतात वाढलेले हवेत. बाळाची बातमी माहीत असलेल्यांना यातून वगळा. ‘तो’ आणि ‘ती’ यांची वाटणी सहा-चार किंवा सात-तीन अशी आली, तर नाव दोघांचं आहे. नऊ-एक आली, तर ते एकाच बाजूचं आहे. तरीही ठेवायला हरकत नाही, फक्त जन्मभर खुलासा करावा लागेल हे आत्ताच मान्य करा. हा ठोकताळा आहे, पण नावांच्या यादीपेक्षा जास्त भरवशाचा.

फक्त आपल्या भागातलं ऐकणं

आपल्याकडे मृणाल म्हटलं की समाजवादी नेत्या मृणाल गोरे आठवतात, बंगालमध्ये चित्रपट दिग्दर्शक मृणाल सेन, म्हणजे पुरुष. कांचन आपल्याकडे बाईचं नाव, बंगालीत पुरुषाचंही. संतोष आपल्याला हमखास पुरुष वाटतो, पण १९९२ आणि १९९३ अशी सलग दोन वर्षं एव्हरेस्ट सर करणाऱ्या संतोष यादव या महिला आहेत. हर्षा भोगले यांचं नाव न ऐकलेला मराठी माणूस ‘हर्षा’ला बिनदिक्कत मुलगी समजेल.

देशाबाहेर ही सरमिसळ आणखी वाढते. आंद्रेआ इटलीत पुरुषाचं नाव, जर्मनीत बाईचं. रोमन लिपीत ‘ए’ (a) या अक्षराने संपणारं नाव अनेक युरोपीय भाषांत बाईचं धरलं जातं, त्यामुळे कृष्णा किंवा आदित्य हे नाव वाचून पत्रात ‘मॅडम’ लिहून येतं. मूल पुढे जिथे राहण्याची शक्यता आहे, तिथल्या एका तरी माणसाकडून नाव मोठ्याने वाचून घ्या.

रोमन लिपीतलं स्पेलिंग न तपासणं

देवनागरीत आर्य आणि आर्या वेगळे दिसतात. रोमनमध्ये शेवटच्या ‘अ’ला आणि ‘आ’ला एकच ‘ए’ लागतो आणि दोन्ही नावं एक होतात. अक्षय आणि अक्षया मात्र वेगळी राहतात, कारण अक्षयच्या शेवटी आपण ‘ए’ लिहीत नाही. अथर्वच्या शेवटी लिहितो, म्हणून तो ‘अथर्वा’ होतो. म्हणजे काही नावं तुम्ही न ठरवताही युनिसेक्स बनतात.

शेवटी दोन ‘ए’ लिहिण्याचा उपाय अनेकांना सुचतो. तो फारसा टिकत नाही. कोणी एक ‘ए’ गाळतं, आणि दोन कागदांवर दोन स्पेलिंगं होऊन बसतात. त्यापेक्षा किरण, मिलन, कमल अशी व्यंजनावर थांबणारी नावं बरी. यंत्राने केलेलं भाषांतरही तपासून घ्या. इंग्रजीतल्या मजकुरात क्रियापदाला लिंग नसतं, मराठीत आणताना यंत्राला ते निवडावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते ‘तो’ निवडतं.

पूर्ण नाव एकत्र न वाचणं

शीख परंपरेत एकच नाव मुलगा-मुलगी दोघांना देतात आणि पुढचा शब्द खुलासा करतो. हॉकीतले हरमनप्रीत सिंग आणि क्रिकेटमधल्या हरमनप्रीत कौर हे सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. आपल्या पूर्ण नावात असा शब्द नसतो, उलट मधल्या नावामुळे गोंधळ वाढतो. ‘किरण राजेश’ असं वाचणाऱ्या परक्या माणसाला ‘राजेश’ वडिलांचं नाव आहे हे ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीने तो पुरुषच. संदिग्धता नको असेल आणि दुसरं नाव ठेवायची सोय असेल, तर ते ठळकपणे मुलाचं किंवा मुलीचं ठेवा.

टोपणनाव आणि चिडवण्याचं नाव विसरणं

मराठीत नाव लाडात किंवा रागात आलं की त्याला लिंग येतंच. किरणचा किरण्या होतो किंवा किरणी, सुमनचा सुम्या किंवा सुमी. वर्गातली मुलं चिडवताना नेमकी उलटी बाजू उचलतात. म्हणून नाव पक्कं करण्याआधी दोन्ही रूपं मोठ्याने म्हणून बघा, आणि घरात एक छोटं नाव रुळवा, म्हणजे दुसऱ्या कोणी वेगळं पाडायच्या आत तेच तोंडी बसतं.

इथे मुलाचं आणि मुलीचं ओझं सारखं नसतं, हे स्पष्ट बोललं पाहिजे. मुलीला मुलाचं वाटणारं नाव असलं तर लोक कौतुक करतात, मुलाला मुलीचं वाटणारं असलं तर हसतात. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड फिग्लिओ यांनी अमेरिकेत फ्लोरिडातल्या शाळांच्या नोंदींवरून २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलींची वाटणारी नावं असलेल्या मुलांच्या वर्तनाच्या तक्रारी मिडल स्कूल, म्हणजे सहावीच्या सुमाराची शाळा, सुरू झाल्यावर वाढलेल्या दिसल्या. इंग्रजीतली लेस्ली, ॲशली, बेव्हर्ली ही नावं आधी मुलांची होती. मुलींना ती दिली जाऊ लागल्यावर मुलांच्या पालकांनी हळूहळू सोडून दिली. त्यामुळे मुलासाठी नाव निवडत असाल तर आजची सहा-चारची वाटणी वीस वर्षांनी तशीच राहील हे गृहीत धरू नका.

कायदा उशिरा बघणं

परदेशात जन्मनोंद होणार असेल, तर नियम आधी वाचा. जर्मनीत एका मुलीचं नाव नोंदवायला नकार दिला गेला, कारण त्यावरून लिंग कळत नव्हतं. ते नाव होतं किरण. डिसेंबर २००८ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. आइसलँडने नावांवरचं लिंगाचं बंधन २०१९ च्या कायद्याने काढलं. डेन्मार्कमध्ये मंजूर नावांच्या मुलांच्या, मुलींच्या आणि दोघांच्या अशा वेगळ्या याद्या आहेत.

कागदपत्रांतला ‘लिंग’ रकाना न वाचणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. ‘गणेश’पुढे ‘स्त्री’ छापलं तर कारकुनापासून शिक्षकापर्यंत कोणीही थबकतो. ‘शशी’पुढे काहीही छापलं तरी कोणाला खटकत नाही, आणि एका कागदावरची चूक दुसऱ्यावर उतरत जाते. म्हणून जन्मदाखला हातात आल्यावर नावाच्याही आधी तो रकाना वाचा आणि चूक असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या. लसीकरणाचं कार्ड, शाळेचा प्रवेश, पासपोर्ट, प्रत्येक वेळी पुन्हा वाचा. वसतिगृहातली खोली, खेळाचा संघ, सहलीची यादी जिथे नावावरून ठरते, तिथे आठवडाभर आधी फोन करून खात्री करून घ्या.

दरवेळी लांबलचक खुलासा देणं

“म्हणजे मुलगा की मुलगी?” हा प्रश्न वर्षानुवर्षं येणार. त्यामागे बहुतेकदा वाईट हेतू नसतो. “मुलगी. किरण दोघांचंही नाव असतं,” एवढं पुरे. आई, बाबा, आजी-आजोबा सगळ्यांनी हेच वाक्य वापरावं, कारण घरातलंच कोणी “आम्हालाही आधी विचित्र वाटलं होतं” म्हणालं तर ते मुलाच्या कानावर पडतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे वाक्य आणि त्याच नावाची दोन मोठी माणसं, एक बाई आणि एक पुरुष, सांगून ठेवा. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी चुकीच्या ओळीत उभं केलं, तर त्याला स्वतःच सांगता येईल.