प्रकाशाच्या तलवारीची झुंज बसवताना: वजन, पट्टा आणि पॉलिकार्बोनेटची नळी

लघुपटातली प्रकाश-तलवारीची झुंज फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. पात्याला वजनच नसतं. पंचाऐंशी सेंटिमीटरची प्लास्टिकची नळी जेमतेम दीडशे ग्रॅम भरते, खरी तलवार किलोच्या आसपास. नट ती नळी छडीसारखी भिरकावतो आणि प्रेक्षकाला क्षणात कळतं की हे खेळणं आहे. म्हणून नळी विकत आणण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: या शस्त्राचं वजन किती मानायचं, धार कुठे आहे, आणि ते एका हाताने धरायचं की दोन. पुढचं सगळं यावर ठरतं.

मोठ्या चित्रपटांनीही हेच केलं. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’पासून ही तलवार जड, दोन्ही हातांनी पेलायची मानली गेली आणि तिची चाल जपानी तलवारबाजीकडे झुकली. पुढच्या दोन भागांत खलनायक डार्थ व्हेडरच्या वेषात झुंजले ते बॉब अँडरसन, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधले फेन्सर. 1999 च्या भागात दोन्ही टोकांना पातं असलेला दांडा फिरवणारा रे पार्क वुशू ही चिनी युद्धकला शिकलेला होता. ‘ड्यून’ या विज्ञानकथेच्या जगात अंगाभोवतीचं कवच वेगवान वार अडवतं, हळू वार आत शिरू देतं, एवढ्या एका नियमाने सगळी झुंज जवळून, अंगाला अंग भिडवून लढावी लागते. नियम आधी, हालचाल नंतर.

एका पात्राला एकच परंपरा द्या. केंदोचा, म्हणजे जपानी तलवारबाजीचा, पवित्रा हवा असेल तर डावा हात मुठीच्या टोकाशी. जोर त्याचा, उजवा फक्त दिशा देतो. डावी टाच किंचित उचललेली, पावलं जमिनीवरून सरकत. नवखे उजव्या हाताने ओढतात, मग वार तिरका पडतो आणि खांदे कानाला भिडतात. फेन्सिंगमधली सेबर ही तलवार एकहाती असते, अंग आडवं, आणि पुढचा गुडघा पावलाच्या पुढे गेला की तोल गेलाच. दोन पात्रं दोन वेगळ्या शाळांतली असली की संवादाशिवाय त्यांचा स्वभाव कळतो.

आपल्याकडे मात्र पट्टा आहे, आणि विज्ञानपटासाठी तो इतका चपखल असून कुणी हात लावत नाही याची खरंच हळहळ वाटते. दांडपट्ट्याची मूठ लोखंडी खोळीच्या आत आडवी असते, खोळ जवळजवळ कोपरापर्यंत हात झाकते, आणि पुढे लांब, सरळ, लवचिक पातं. मनगट वळूच शकत नाही. त्यामुळे वार निघतो खांद्यातून, कमरेतून आणि पायातून. माणूस आणि यंत्र एक झालेलं पात्र दाखवायचं असेल तर याहून योग्य शस्त्र शोधून सापडणार नाही. शिवाय पट्टा मुळात चौफेर फिरवायचा, त्यामुळे एकाविरुद्ध अनेक हा प्रसंग त्याच्यासाठीच आहे.

सरावासाठी पट्टा लागत नाही. वीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी मनगटाच्या आतल्या बाजूने क्रेप बँडेजने बांधा, म्हणजे मनगट कुलूपबंद होईल, आणि हातात हलकी काठी घ्या. आधी जागेवर उभं राहून समोर आडवा आठ काढा, सावकाश, दोन्ही बाजूंनी सारखा. तो गोल झाला की प्रत्येक आठामागे एक पाऊल, मग अर्धी गिरकी. गिरकीत आधी मान वळते, मग कंबर, शेवटी पातं. हा क्रम उलटला की काठी स्वतःच्याच नडगीवर बसते. कोपर वाकवलं तर ती कानाजवळून जाते. हात लांब ठेवा, पण कोपर ताठ आवळू नका. जाणत्या वस्तादाकडून शिकणं सर्वांत उत्तम. तोवर गुढीपाडव्याच्या गिरगावातल्या शोभायात्रेत मर्दानी खेळ पाहायला मिळाला तर पात्याकडे नाही, पायांकडे बघा.

आता तलवार. नळी पॉलिकार्बोनेटचीच घ्या, बाहेरून 25 मिलिमीटर, जाडी 2 मिलिमीटर. ॲक्रिलिक स्वस्त आणि जास्त चकचकीत, पण पहिल्या जोरदार टकरीत त्याचे धारदार तुकडे उडतात. नळी ॲसिटोनने पुसू नका, बारीक तडे पडतात. साबणाचं पाणी पुरे. टोकाला गोल टोपण इपॉक्सीने चिकटवा. आत पांढरा पातळ फोम गुंडाळून सरकवला की उजेड सारखा पसरतो. मूठ ॲल्युमिनियमच्या पाइपची, अठ्ठावीस-तीस सेंटिमीटर. त्यात नळी किमान पाच सेंटिमीटर आत जायला हवी आणि दोन आडव्या स्क्रूंनी धरलेली. कमी गेली तर नेमकी तिथेच मोडते.

झुंजीच्या तलवारीत नळीभर एलईडीची पट्टी घालू नका, टकरीत सांधे तुटतात. मुठीत 3 वॉटचा एकच एलईडी, ॲल्युमिनियमच्या चकतीवर, आणि 18650 आकाराचा, संरक्षण सर्किट असलेला, चार्ज होणारा लिथियम सेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हे सगळं मिळतं. निळ्या-हिरव्या एलईडीला 1 ओहमचा रेझिस्टर चालतो, लाल एलईडी कमी व्होल्टवर चालत असल्याने त्याला 3 ओहम लागतो, दोन्ही किमान 2 वॉटचे. निळ्याचं सर्किट जसंच्या तसं लालला लावलं की लाल एलईडी जळतो. मुठीवर धोबीतलावच्या खेळाच्या दुकानांतलं बॅटचं रबरी ग्रिप चढवा. मुंबईच्या दमट हवेत उघडं ॲल्युमिनियम घामाने निसटतं.

वजन मात्र नळीत भरायचं नाही. ते नटाच्या अंगात भरायचं. एकट्याने करायचे सगळे हात आधी किलोभराच्या लाकडी दांड्याने करून घ्या: वार सुरू व्हायला लागणारा वेळ, थांबवताना कमरेला बसणारा हिसका, हे अंगात मुरू द्या. मग नळी हातात द्या आणि तोच वेळ, तोच हिसका मागा. जोडीच्या सरावात मात्र दांडा नको.

खऱ्या तलवारीला परज, म्हणजे बोटं वाचवणारी मुठीवरची आड, असते, या तलवारीला नाही. खरा तलवारबाज वार मुठीजवळच्या भक्कम भागावर अडवतो. इथे तसं केलं तर समोरची नळी घसरून थेट बोटांवर येते. म्हणून अडवायचं पात्याच्या मध्यावर, टोक किंचित वर ठेवून. सरावात दोघांनाही बॅटिंगचे ग्लोव्हज आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.

वार पाच-सात हातांच्या तुकड्यांत बसवा. प्रत्येक तुकड्याआधी नजरानजर, तीच खूण. वार अंगापासून वीतभर बाहेर थांबतो, चेहऱ्याकडे भोसकणं कधीच नाही. अडवणारा आधी जागेवर पोचतो, मारणारा त्यानंतर वार सोडतो. घाईत हा क्रम मोडतो आणि तिथेच लागतं. आधी पाव वेग, बिनचूक झाल्यावर अर्धा, शूटिंगला पाऊण. पूर्ण वेगाची गरज पडत नाही: सेकंदाला 22 फ्रेमने टिपून 24 ने दाखवलं की हालचाल नऊ टक्के चपळ होते.

शटर 1/50 सेकंद ठेवा, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे आणि इतर वेगांवर खोलीतले दिवे लुकलुकू शकतात. एक्स्पोजर पात्यावर नाही, चेहऱ्यावर पडलेल्या त्याच्या उजेडावर लावा. पात्याचा गाभा पांढरा जळू द्या, रंग कडेला उमटतो. भर उन्हात काही दिसणार नाही. संध्याकाळची गच्ची धरा, पण पावसाळ्यात शेवाळ घासून काढल्याशिवाय नाही.

लोकलने जाताना पातं मुठीपासून वेगळं काढून पिशवीत ठेवा, सेल बाहेर काढून त्याच्या डबीत. सार्वजनिक जागी शूटिंग असेल तर परवानगीबरोबरच जवळच्या पोलीस ठाण्यात आधी नळी दाखवून ठेवा. खरं धारदार शस्त्र सेटवर, सजावटीसाठीसुद्धा, आणू नका.