मेमरी मॉडेलमधल्या रिलेशनची नावं बदलताना

कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला लिनक्स कर्नलचं मेमरी मॉडेल (अनेक थ्रेड एकच मेमरी वापरतात तेव्हा वाचन-लेखनाचे कोणते निकाल शक्य आहेत, ते सांगणारे नियम) प्रोजेक्टला घेतलेल्यांसाठी हे टिपण. हे मॉडेल २०१८ साली कर्नलच्या ४.१७ आवृत्तीत आलं. ते कॅट या असे नियम लिहायच्या भाषेत लिहिलंय आणि हर्ड७ या तपासणीच्या टूलवर चालतं. त्यातली रिलेशन म्हणजे मेमरीवरच्या क्रियांमधली नाती. पुढे त्यात 'लिंक' या रिलेशनचं नाव 'आरसीयू-लिंक' आणि 'आरसीयू-पाथ'चं 'आरबी' झालं (आरसीयू म्हणजे रीड-कॉपी-अपडेट, कर्नलमधली सिंक्रोनायझेशनची पद्धत).

नवं नाव आधीच कुणी घेतलंय का, ते बघा. मंगळवार पेठ कोल्हापुरात आहे, तशी पुण्यातही आहे, 'एचबी'चं (हॅपन्स-बिफोर, म्हणजे 'आधी घडतं' हे नातं) तेच. सी भाषेच्या सी११ मानकातल्या 'एचबी'त एका थ्रेडचा सगळा प्रोग्रॅम-क्रम धरलेला असतो, लिनक्सच्या 'एचबी'त तो आपोआप येत नाही. 'आरबी' हे नाव सी११ वरच्या संशोधनात 'रीड्स-बिफोर'साठी, म्हणजे इथल्या 'एफआर'साठी (वाचनापासून त्याच जागेवरच्या नंतरच्या लेखनाकडे जाणारं नातं) वापरतात. त्यामुळे व्याख्येशेजारी एक ओळ कॉमेंट लिहाच.

बदलाआधी सगळ्या लिटमस टेस्ट (मॉडेल तपासायचे छोटे प्रोग्रॅम) चालवून आउटपुट जपून ठेवा. स्टोअर-बफरिंगच्या टेस्टमध्ये (प्रत्येक थ्रेड एक व्हेरिएबल लिहून दुसऱ्याचं वाचतो) दोन्ही थ्रेडवर पूर्ण फेन्स (क्रम राखणारी सूचना) असेल, तर 'ऑब्झर्वेशन'च्या ओळीत 'नेव्हर ० ३' दिसतं, म्हणजे विचारलेला निकाल कधीच येत नाही. बदलानंतर हे आकडे तंतोतंत तेच हवेत. फक्त 'टाइम'ची ओळ तुलनेतून वगळा, ती दरवेळी बदलते.

आता खरी गोची. कॅटमध्ये नावात हायफन चालतो, पण सेड या मजकूर बदलणाऱ्या टूलची शब्दसीमा हायफनपाशीच तुटते. 'लिंक' बदलायला साधी आज्ञा दिली आणि ती चुकून दोनदा चालली, की 'आरसीयू-आरसीयू-लिंक' तयार! म्हणून नावाच्या मागेपुढे अक्षर, अंक, अंडरस्कोर, टिंब किंवा हायफन नसावा, अशी अट पर्लमध्ये घाला. स्पष्टीकरणाच्या टेक्स्ट फाइलमध्ये मात्र हा शब्द साध्या अर्थानेही येऊ शकतो. तिथे एकेक जागा वाचून हातानेच बदला.

जुनं नाव कुठे राहिलं, तर हर्ड सहसा एरर देतो. पण त्याच नावाची व्याख्या आधी झालेली असेल, तर तो गुपचूप तीच उचलतो. कॉन्फिग फाइलमधली चूक तर त्याहून शांत: तिथे 'एचबी'च्या बाणाला जांभळट-निळा रंग दिलाय. रिलेशनचं नाव बदललं आणि ही ओळ तशीच राहिली, तर एरर येत नाही, आकृतीतला रंग तेवढा जातो.

'अ‍ॅज'नंतरचं नाव वेगळं असतं, ते तपासणीचं, म्हणजे कॅट फाइलमध्ये रिलेशनवर घातलेल्या अटीचं. 'आरबी'वरच्या तपासणीचं नाव 'आरसीयू' आहे. ते बदललं, तर ती तपासणी नावाने वगळणाऱ्या स्क्रिप्ट चुकतील. त्याला हात लावू नका.

आरसीयू नसलेल्या टेस्ट जुळल्या, म्हणजे 'आरबी' बरोबर आहे असं ठरत नाही. ग्रेस पीरियडची (आरसीयूत आधीचे वाचक संपेपर्यंत थांबण्याची) एक टेस्ट घ्या आणि ही तपासणी तात्पुरती काढून ती चालवा. 'नेव्हर'चं 'समटाइम्स' झालं, तरच ती टेस्ट या रिलेशनवर अवलंबून आहे. मग तपासणी परत घाला.

व्याख्येतली पदं इकडची तिकडे करायची असतील, तर त्याचा कमिट वेगळा ठेवा. नाव बदलण्याच्या कमिटमध्ये आकडा हलला, तर चूक टायपिंगचीच आहे हे लगेच कळतं.