हात दुखतोय, बधीर होतोय? या चुका टाळा

हाताला मुंग्या आल्या की घरात कोणीतरी म्हणतंच, "रक्तपुरवठा नीट होत नसेल," आणि मग चोळणं, झटकणं, तेल लावणं सुरू. पण बहुतेक वेळा रक्त कुठे अडलेलं नसतं, शीर म्हणजे नर्व्ह दबलेली असते. रक्तच अडलं तर बोटं गार पडतात, पांढरी किंवा निळी दिसतात, ते लपत नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही की डॉक्टरांना नुसतं "हात बधीर होतो" एवढंच सांगायचं. अहो पण कुठली बोटं? अर्धं निदान तर तिथेच होतं. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग बधीर होत असेल तर मनगटातली मीडियन नर्व्ह दबतेय, म्हणजे कार्पल टनेल, मनगटातल्या अरुंद बोगद्यात शीर दबण्याचा त्रास. करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग असेल तर गडबड बहुधा कोपरापाशी आहे, कोपर कशावर आपटलं की झिणझिणतं ना, तीच ती अल्नर नर्व्ह. आता अनामिकेच्या दोन्ही कडांना आळीपाळीने हलकं बोट लावून बघा, मधल्या बोटाकडची कड बधीर आणि करंगळीकडची नॉर्मल लागत असेल तर तो मनगटाकडे जाणारा चांगलाच पुरावा आहे, कारण एकाच बोटाला दोन वेगवेगळ्या शिरा येतात. रात्री मुंग्यांनी जाग आली तर तिथल्या तिथे बॉलपेनने बधीर भागाभोवती रेघ ओढून ठेवा आणि फोटो काढा, सकाळी कोणालाच नक्की आठवत नसतं.

रात्रीच का होतं? झोपेत मनगट दुमडलं जातं आणि त्या बोगद्यातलं प्रेशर वाढतं. बोगदा मुळात अरुंद, त्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या म्हणजे टेंडन जातात आणि त्यांच्यासोबत ही एक शीर, थोडी जरी सूज आली तरी बिचारीला जागा उरत नाही. म्हणूनच गरोदरपणात, थायरॉईड कमी असताना, डायबिटीसमध्ये हा त्रास जास्त दिसतो. फक्त माऊस आणि मोबाईलला दोष देऊन मोकळं होऊ नका, तपासण्या राहून जातात त्यात.

दुसरं म्हणजे मानेचा एमआरआय स्वतःहून काढून आणणं. चाळिशीनंतर मानेत थोडीफार झीज, गादी सरकलेली बऱ्याच जणांना असते, ज्यांना काहीच दुखत नाही त्यांनाही, मग रिपोर्ट वाचून घाबरायचं आणि मनगटाच्या दुखण्यासाठी मानेला पट्टा लावून फिरायचं, असंही होतं. मानेचं दुखणं सहसा मान-खांदा-दंड असं खाली उतरत येतं आणि मान वर किंवा त्या बाजूला वळवली की वाढतं.

घरगुती उपायांत बॉल दाबण्याचा व्यायाम फार फेमस आहे, पण कार्पल टनेलमध्ये मूठ आवळली की प्रेशर उलट वाढतं. मनगटाचा पट्टा घट्ट आवळणंही तसंच. पट्टा म्हणजे स्प्लिंट, मनगट सरळ ठेवणारा, फार घट्ट नाही, आणि मुख्य म्हणजे रात्री झोपताना, काही आठवडे सलग. बधीर हातावर गरम पाण्याची पिशवी तर नकोच, चटका बसलेला कळत नाही आणि फोड आल्यावर समजतं. करंगळीवाल्यांनी कोपर पूर्ण दुमडून झोपणं आणि टेबलावर कोपर टेकून तासन्तास बसणं सोडावं, कित्येकांना एवढ्यानेच फरक पडतो.

बी१२ च्या गोळ्या आधी आणि टेस्ट नंतर, ही पण नेहमीची गंमत, मग लेव्हल छान दिसते आणि कारण सापडत नाही. मेटफॉर्मिन म्हणजे डायबिटीसची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ कमी होऊ शकतं हे लक्षात ठेवा. बी१२ किंवा शुगरमुळे असेल तर सहसा दोन्ही बाजूंना होतं आणि सुरुवात बहुतेकदा पायांपासून.

मुंग्या अजिबात नाहीत, नुसतं दुखतंय, अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला कळ येते किंवा बोट वाकवलं की अडकून खट्कन सुटतं, तर तो टेंडनचा मामला आहे, शिरेचा नाही.

थांबायचं नाही अशा गोष्टी: अचानक एका बाजूचा हात बधीर किंवा लुळा पडला, सोबत तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय, तर सरळ इमर्जन्सी, स्ट्रोकमध्ये मिनिटं मोजली जातात. डाव्या हातात कळ आणि छातीवर दाब, घाम, तेव्हाही तेच. दोन्ही हातांनी शर्टची बटणं लावता येईनाशी झाली आणि चालताना तोल जातोय, तर मानेत मज्जारज्जू दबत असू शकतो, त्यालाही लवकर दाखवा.

आणि "दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं" असं समजू नका. अंगठ्याखालचा तळहाताचा गुबगुबीत भाग दुसऱ्या हाताशी जुळवून बघा, तो सपाट व्हायला लागला असेल, हातातून कप निसटत असेल, तर शीर बरीच खराब होतेय. अशा वेळी नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे शिरेतून सिग्नल नीट जातो का ते बघणारी तपासणी, करून घ्या आणि ऑपरेशन सुचवलं तर टाळाटाळ नको. इजा झालेली शीर दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने वाढते, त्यामुळे ऑपरेशननंतर पंधरा दिवसांत बोटं पहिल्यासारखी झाली नाहीत म्हणून लगेच डॉक्टर बदलू नका.