गुडघ्यापासून सुरुवात करा: गावातल्या वर्कशॉपमध्ये युरोपी चिलखत

वेल्डिंगचं दुकान टाकलेली आसपासच्या गावांतली पोरं आमच्याकडे येतात, भिंतीला टांगलेले लोखंडी हात-पाय न्याहाळतात आणि विचारतात, "भाऊ, फुल सूट करायला किती दिवस लागतात?" फुल सूटचं नाव सध्या काढू नका. एक गुडघा करा, म्हणजे फक्त गुडघ्यावरचं चिलखत. डावा असो की उजवा. गुडघा साधला की कोपर साधतं, कोपरावरून खांद्याच्या पट्ट्या कळतात, आणि छातीचा पत्रा दिसायला मोठा असला तरी कामाला त्याहून सोपा.

मी दारव्हा तालुक्यातला. घरची लोहारकी: वखराच्या पासा, डवरे, विळे, बंडीच्या चाकाच्या धावा. पुढे त्यात गेट अन् ट्रॉल्या आल्या. त्याच ऐरणीवर दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत मी पंधराव्या शतकातल्या युरोपी चिलखताच्या प्रतिकृती करतो. पाडव्यानंतर शेतकरी अवजारं घेऊन येतो. तेव्हा परदेशी ऑर्डर घ्यायची नाही. मिरगाच्या तोंडावर गावातल्या माणसाला "थांब" म्हणणारा लोहार गावात टिकत नाही. बाबा अजूनही टोचतात, "वखराच्या पासा पडून हायेत, अन् तू कायले त्या गोऱ्यायचे गुडघे झाकून रायला बे?"

तर गिऱ्हाईक कोण, हे आधी समजून घ्या. दिवाणखान्यात उभं करायचं चकचकीत चिलखत हा वेगळा धंदा आहे. तो माल देहरादून-मेरठ पट्ट्यात ढिगानं होतो, आणि भावात त्यांच्याशी आपण पुरे पडणार नाही. आपलं गिऱ्हाईक म्हणजे चिलखत अंगात घालून लढणारा माणूस. अमेरिकेत 1966 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली 'एससीए' (सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम) ही संस्था आहे, तिचे लोक वेताच्या जाड काठ्यांनी लढतात. 2010 मध्ये युक्रेनच्या खोतिन किल्ल्यात 'बॅटल ऑफ द नेशन्स'ची पहिली स्पर्धा झाली. अशा स्पर्धांत बोथट पण खऱ्या पोलादी हत्यारांनी हाणामारी चालते. अशा माणसाला चकाकीशी देणंघेणं नसतं. त्याला बसता, वाकता, पळता आलं पाहिजे. त्या काळातलं रणांगणावरचं पूर्ण चिलखत साधारण 20 ते 25 किलोचं असे, आणि ते घालून माणूस घोड्यावर चढत होता. वजन अंगभर वाटलेलं आणि सांधे चालते, म्हणून ते जमायचं. तुमचा माल विकला जाईल तो सांध्यावर.

गुडघाच का, त्याला आणखी एक कारण आहे. एससीएच्या नियमानं गुडघ्याची वाटी आणि तिच्या वर-खाली एक-एक इंच कडक वस्तूनं झाकलेलं असावं लागतं, आतून पाव इंच फोम किंवा तशीच गादी. म्हणजे ही जोडी प्रत्येक लढणाऱ्याला घ्यावीच लागते, आणि ती सुटी विकता येते.

पत्रा सीआर, म्हणजे थंड लाटलेला घ्या. वाटीला, म्हणजे गुडघ्यावर बसणाऱ्या मधल्या तुकड्याला 16 गेज, म्हणजे 1.6 मिमी; वर-खालच्या पट्ट्यांना 18 गेज, म्हणजे 1.2 मिमी. 16 गेजचा एक चौरस फूट सव्वा किलोच्या थोडा आतच भरतो, त्यामुळे कातरण धरूनही एका जोडीला लोखंडाचा खर्च फार नाही. खर्च आहे तो हाताचा. एचआर, म्हणजे गरम लाटलेला पत्रा स्वस्त पडतो, पण त्याची काळी खपली काढण्यात अर्धा दिवस जातो. जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा मात्र दुकानात पडलेला असला तरी या कामाला घेऊ नका. तो तापला की जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डिंगवाल्यांना हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण फुकटचा पत्रा दिसला की आपला हात तिकडेच जातो.

आता पॅटर्न. इथे घाई केली तर पुढे सगळं वाया. मी लग्नपत्रिकांचं पुठ्ठं वापरतो. लग्नसराई संपली की गावभर मिळतं, आणि पत्र्यासारखं वाकतं. माझ्या मापाची वाटी आडवी 26 सेंमी, उभी 15 सेंमी, टोकांकडे निमुळती. तिच्या वर एक पट्टी, खाली एक पट्टी. तिन्ही तुकडे टाचण्यांनी जोडा, जाड पॅन्ट घालून स्वतःच्या गुडघ्याला सुतळीनं बांधा आणि उकिडवे बसा. पाय सरळ असताना दोन्ही पट्ट्या वाटीखाली सरकून बसल्या पाहिजेत. पाय दुमडला की त्या बाहेर येतील, पण त्यांचा काठ वाटीच्या खालून पूर्ण सुटता कामा नये. फट दिसली तर पट्टी रुंद करा. पट्ट्या आत एकमेकींना भिडल्या तर अरुंद करा. पुठ्ठ्यावर हे पाच मिनिटांचं काम आहे, पत्र्यावर अर्ध्या दिवसाचं.

ठोकायला बाभळीचं खोड लागतं. वरच्या तोंडाला वीतभर रुंद आणि इंचभर खोल खळगा कोरा. हातोडा बॉलपीन, म्हणजे एका बाजूला गोल डोक्याचा, पण त्याचं तोंड आधी कानशीनं आणि पॉलिश पेपरनं आरशासारखं करून घ्या, कारण हातोड्यावरचा प्रत्येक ओरखडा पत्र्यावर छापला जातो. पत्रा खळग्यावर धरून काठापासून थोडं आत सुरुवात करा आणि गोल गोल फिरत मध्याकडे या. थेट मध्यावर हाणत राहिलात तर तिथेच पत्रा ताणून पातळ होतो, आणि वाटीवर मार नेमका तिथेच बसतो. काठाला चुण्या पडतील. चुणी दिसली की लगेच ऐरणीवर बसवा. ती दुमडून एकावर एक चढली की पत्रा तिथे फुटणार.

ठोकता ठोकता पत्रा कडक होतो. हातोड्याचा आवाज बदलतो, बसकेपणा जाऊन टणटण वाजायला लागतो. तेव्हा थांबा, भट्टीत मंद लाल करा आणि राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्या. लाली ओळखायची तर अंधारा कोपरा हवा. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात लाल झालेलं लोखंडही काळं दिसतं, आणि माणूस नाहक जास्त तापवतो. उथळ वाटीला एकदा नरम केलं तरी भागतं.

खोली आली की आतून आधार देऊन बाहेरून हलके ठोके घालत खड्डे सारखे करायचे. यासाठी गोल डोक्याची उभी ऐरण लागते. विकत आणू नका. ट्रॅक्टरच्या जुन्या एक्सलचा तुकडा घ्या, एक तोंड ग्राइंडरनं घुमटासारखं गोल करा, घासून गुळगुळीत करा आणि दुसरं टोक खोडात पुरा. ठोका जड नको. मनगटातून, एकाशेजारी एक, ओळीनं. कानात बोळे घालाच. आमच्या घरातले म्हातारे उगाच मोठ्यानं बोलत नाहीत.

आता सांधा. वाटी पूर्ण झाल्याशिवाय भोकं पाडू नका, कारण खोल होताना तिची टोकं आत ओढली जातात आणि पुठ्ठ्यावरची खूण खोटी ठरते. प्रत्येक टोकाला दोन भोकं: एक वरच्या पट्टीचं, एक खालच्या. दोघांत बोटभर अंतर. आधी एकाच बाजूची भोकं पाडा, 4 मिमीचे नट-बोल्ट कच्चे आवळा, पट्टी जागेवर बसवा आणि मग दुसऱ्या बाजूची खूण करा. दोन्ही बाजूंची भोकं एका सरळ रेषेत आली नाहीत तर सांधा तिरका चालतो.

बोल्टवर सांधा हलवून बघा. अडकतोय, पण कुठे ते दिसत नाही? चिमणीची काजळी पट्टीच्या वरच्या अंगाला फासा आणि आठ-दहा वेळा हलवा. उघडून बघा: जिथे काजळी खरवडून लोखंड चमकतं, तिथे गोलाई जुळत नाही. नेमक्या त्या जागी पट्टी हलकेच आत ठोका किंवा वाटीचा काठ केसभर उचला. पुन्हा काजळी, पुन्हा हलवणं. पट्टीवर सगळीकडे सारखा पुसट ओरखडा आला की समजा गोलाई जुळली. पाव मिलिमीटरची चूकसुद्धा काजळी दाखवते, डोळा दाखवत नाही.

मग रिव्हेट. बाजारातला साधा खिळा कापून चालतो, तो नरम असतो. इथे बहुतेक जण आवळून ठोकतात आणि सांधा जाम करून बसतात. दोन पत्र्यांच्या मध्ये लग्नपत्रिकेची एक चिंधी घाला, मग रिव्हेटचं डोकं गोल हातोड्यानं हलकं हलकं फिरवत बसवा. डोकं बसलं की चिंधी ओढून काढा, नाही निघाली तर जाळा. तेवढीच कागदभर फट राहते आणि सांधा आपल्या वजनानं खाली पडतो. धरून उभं केल्यावर पट्टी आपोआप सरकली नाही तर रिव्हेट काढा, नवा घाला.

काठांचं काम कंटाळवाणं, पण गिऱ्हाईक बोट फिरवतं ते काठावरच. आठ-दहा मिमी पत्रा जास्त ठेवून तो तारेवर गुंडाळा. नाही जमलं तर निदान कानशीनं गोल करा. पॉलिश पेपर 80 नंबरपासून 120, 220, 320 करत 400 पर्यंत पुरे. आरसा करू नका. पहिल्याच लढाईत त्यावर चरे पडणार, आणि जुन्या काळीही सगळं चिलखत काही लखलखीत नव्हतं. हातोड्याचा काळा पोत तसाच ठेवलेले तुकडेही होते.

पायाला बांधायच्या पट्ट्याला बाभळीच्या सालीत कमावलेलं जाड चामडं घ्या. क्रोमनं कमावलेलं मऊ चामडं ताणतं आणि गुडघा घोट्यापर्यंत उतरतो. बकल पितळी, अलीगढ-मुरादाबादकडून मागवता येतात.

नमुने बघायचे तर न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं 2017 पासून स्वतःकडच्या हजारो वस्तूंचे फोटो मोकळे केले आहेत. लंडनचं वॉलेस कलेक्शन, लीड्सचं रॉयल आर्मरीज हेही बघा. इटलीतलं मिलान आणि जर्मनीतलं ऑग्सबर्ग ही त्या काळची चिलखताची मोठी पेठ. दोन्हीकडचं काम शेजारी ठेवून पाहिलं की फरक कळायला लागतो. मात्र समोरून काढलेल्या फोटोवर समाधान मानू नका. आतल्या बाजूचा फोटो शोधा. रिव्हेट कुठे, चामडं कुठे, पट्टी कितपत आत गेली, हे सगळं आत असतं. समोरून बघून केलेली नक्कल भिंतीवर शोभते, पायात चालत नाही.

हेल्मेटची घाई करू नका. एससीएच्या नियमात त्याला किमान 1.6 मिमी पोलाद लागतं आणि तोंडावरच्या जाळीतून इंचभर जाडीचा दांडा आत जाता कामा नये. तिथे चूक झाली तर माणसाचा डोळा जातो. ओळखीचं गिऱ्हाईक तयार झाल्यावर बघू.

मापं मागवताना सांगायचं की आतला जाड गादीचा कपडा घालूनच घ्या. गुडघ्याच्या मधोमध, त्याच्या चार बोटं वर आणि चार बोटं खाली घेर. शिवाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लांबी. इंचात दिलं की सेंटीमीटरमध्येही लिहून मागा. अर्धी रक्कम आगाऊ घ्या. पुठ्ठ्याचा पॅटर्न पायावर बांधून फोटो पाठवायला लावला तर आणखी चांगलं. मी पॅटर्नचं चित्र पाठवतो, तो तिकडे कापून बांधतो, आणि पत्र्याला हात लावायच्या आधीच निम्मे घोळ मिटतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे. निर्यातीसाठी आयईसी कोड (आयात-निर्यात करणाऱ्याचा क्रमांक) लागतो, फी 500 रुपये. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यात लोहार तर आहेच, अस्त्रकारही आहे. प्रशिक्षणाला दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000, आणि 5 टक्के व्याजानं आधी एक लाख, तो फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. एका घरातून एकालाच मिळतं, तेव्हा भावाभावांनी आधी घरात बसून ठरवा, सीएससीत (कॉमन सर्व्हिस सेंटरात) जाऊन भांडू नका.

कुरिअरवाला खऱ्या वजनासोबत खोक्याचं आकारमानही मोजतो: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 नं भागायचं. 60 बाय 40 बाय 40 चं खोकं आत दोन किलोचा माल असला तरी 19 किलोच्या वरचं धरलं जातं. म्हणून गुडघे एकात एक बसवून लहान खोक्यात भरा. टपालानंही माल जातो, जिल्ह्यात डाकघर निर्यात केंद्र कुठे आहे ते विचारून घ्या.

भरताना हातमोजे घाला. घामाचं बोट पॉलिशवर लागलं की पोहोचेपर्यंत तिथे तांबेरा चढतो, पावसाळ्यात तर दुसऱ्याच दिवशी. शिलाई मशीनचं तेल सगळीकडे, रिव्हेटखालीही, मग मेणकागद, मग प्लास्टिक. बिलावर पत्र्याचं गेज लिहा आणि लढाईसाठी आहे की फक्त शोभेसाठी, तेही लिहा. शोभेचा पातळ माल कोणी खेळायला मागितला तर चार पैसे जास्त देत असला तरी देऊ नका.